द्राक्षबागेतील पेस्ट, सोलपटलेले हात आणि संध्याकाळचा घोट

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात सहा एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीला दरवर्षी सुरगाण्याकडून मजुरांची एकच टोळी येते आणि छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना (कोंबांच्या गाठींना) ते एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावण्याचे कामही तीच माणसे करतात. यंदा कामाच्या दुसऱ्याच दिवशी एका बाईचे दोन्ही हात सुजले, बोटांच्या बेचक्यांत पाण्याचे फोड आले आणि मग कातडी सोलपटून निघाली. ती सहा वर्षे हेच काम करते आहे, पण यापूर्वी तिला कधी त्रास झाला नव्हता. त्याच संध्याकाळी टोळीतला एक तरुण थोडी दारू प्यायला आणि तोंड लालभडक होऊन, छाती धडधडून खाली कोसळला. दवाखान्यात ‘जास्त प्यायला आहे’ एवढेच सांगण्यात आले. त्याचे सोबती मात्र शपथेवर सांगतात की त्याने अर्धा पेलाही संपवला नव्हता. आम्ही हातमोजे आणून दिले, पण काम उक्ते, म्हणजे रोजाऐवजी एकरामागे ठरलेल्या दराने असल्यामुळे मोज्यांनी खोळंबा होतो म्हणून कोणी घालत नाही. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, इतकी वर्षे कोणाला काही झाले नाही. अजून दोन प्लॉट दिवाळीनंतर छाटायचे आहेत. टोळीतील एक मुलगी चार महिन्यांची गरोदर आहे. मी काय करावे?
— एक वाचक भगिनी, दिंडोरी तालुका

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात दोन माणसांचे दोन वेगळे त्रास आहेत असे दिसते; परंतु माझ्या समजुतीप्रमाणे दोन्हींचे मूळ एकाच डब्यात आहे. बाईच्या हातांवर जे दिसले ते पेस्टने कातडीवर केलेले काम होते आणि त्या तरुणाला जे झाले ते त्याच पेस्टने कातडीतून आत शिरून केलेले काम होते.

तरुणाचे आधी सांगतो, कारण त्याच्या बाबतीत चुकीचा निष्कर्ष काढला गेला आहे आणि तो निष्कर्ष तसाच राहिला तर दिवाळीनंतर हीच गोष्ट पुन्हा घडेल. आपण दारू घेतो तेव्हा यकृत तिचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड नावाच्या त्रासदायक पदार्थात रूपांतर करते आणि मग एका विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने त्या पदार्थाचाही निकाल लावते. सायनामाइड या दुसऱ्या पायरीवरील विकरालाच निकामी करते. मग घोटभर दारूनेही ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचत जाते आणि काही मिनिटांतच चेहरा व मान लाल होणे, अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटणे, डोके ठणकणे, छाती धडधडणे, धाप लागणे, उलट्या होणे आणि रक्तदाब घसरून माणूस कोसळणे, अशी मालिका सुरू होते. दारू सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डायसल्फिरामच्या गोळीवर दारू प्यायल्यास जे घडते, तेच हे. कॅल्शियम सायनामाइडपासून केलेले एक औषधही काही देशांत दारू सोडवण्यासाठी वापरले गेले आहे. ही गोष्ट नवी नाही. जर्मनीत कॅल्शियम सायनामाइड हे खत बनवणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना दारू सोसत नाही, हे १९१४ सालीच वैद्यकीय नियतकालिकात लिहिले गेले होते. इटलीतील सिसिली बेटावरही २००१ साली द्राक्षबागांत हेच रसायन वापरणारी माणसे आजारी पडल्याच्या नोंदी झाल्या आणि त्यांच्यापैकी काहींनी दारू घेतलेली होती. तेव्हा ‘अर्धा पेलाही संपवला नव्हता’ हे त्याच्या सोबत्यांचे म्हणणे मला पटते. तो जास्त प्यायलेला नव्हता. त्याच्या अंगात पेस्ट होती.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की पेस्टचे काम सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून काम संपल्यानंतर किमान आठवडाभर त्या माणसाने दारूला शिवू नये. डब्यावरच्या लेबलात याहून कमी मुदत दिलेली असली तरी मी आठवडाच धरावा असे सुचवीन, कारण मजूर एका बागेतून दुसऱ्या बागेत जातात आणि शेवटची पेस्ट नेमकी कधी लावली याचा हिशोब कोणी ठेवत नाही. दारू म्हणजे केवळ देशीची बाटली नव्हे, हेही मुकादमाला समजावून सांगावे लागेल. सुरगाण्याकडची मोहाची दारू त्यात आली, ताडी आली, खोकल्याची काही पातळ औषधे आली आणि आयुर्वेदिक आसवे-अरिष्टेही आली, कारण त्यांत आंबवण्याच्या क्रियेतून तयार झालेला अल्कोहोल असतोच. जो माणूस हे पाळू शकणार नाही, त्याला त्या दिवसांत छाटणीचे, काड्या वेचून बांधावर नेण्याचे काम द्यावे आणि त्यासाठी त्याची मजुरी कापू नये. मजुरी कापली की पुढच्या वेळी तो आपल्यापासून लपवील.

पुन्हा कोणाला असे झालेच, तर त्याला आडवे करून पाय उंच ठेवावेत, उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डबा किंवा त्याचे लेबल डॉक्टरांच्या हातात द्यावे. ‘सायनामाइड’ हे नाव ऐकून काही जणांच्या मनात ‘सायनाइड’ येते; परंतु ही दोन विषे वेगळी आहेत, सायनाइडवरचा उतारा येथे उपयोगी नाही आणि सायनामाइडवर वेगळा उताराही नाही. सलाईन, ऑक्सिजन, रक्तदाबावर लक्ष आणि वेळ, हाच उपचार असतो. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे आणि डॉक्टरांना तेथून सल्ला घेता येतो, हेही त्यांना सांगून ठेवावे.

आता त्या बाईच्या हातांकडे वळू. सहा वर्षे काही झाले नाही आणि सातव्या हंगामात एकाएकी झाले, यात आपल्याला विसंगती वाटते. आम्हा त्वचारोगतज्ज्ञांना मात्र यातच निदानाचा धागा दिसतो. रसायनाने कातडी दोन प्रकारे बिघडते. पहिला प्रकार सरळ भाजण्याचा, चरचरण्याचा: द्रावण जितके तीव्र आणि जितका वेळ अंगावर राहील तितकी इजा अधिक, आणि ती कोणालाही होऊ शकते. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. त्यात शरीर त्या रसायनाची ओळख मनात धरून ठेवते. ही ओळख पटायला आठवडेही लागतात किंवा कित्येक वर्षेही, पण एकदा ती पटली की मग थेंबभर संपर्कानेही एक ते तीन दिवसांत सूज, खाज आणि पाण्याचे फोड येतात, आणि ही ओळख सहसा पुसली जात नाही. हायड्रोजन सायनामाइड दोन्ही प्रकारे त्रास देऊ शकते. ‘इतकी वर्षे कोणाला काही झाले नाही’ हे घरातील मंडळींचे वाक्य म्हणूनच फसवे आहे, कारण ॲलर्जी होण्यापूर्वीचा काळ नेहमी असाच, काही न होण्याचा असतो.

अर्थात, प्रत्येक पुरळाचा दोष पेस्टवर टाकू नये. बांधावरचे गाजर गवत हे महाराष्ट्रात कातडीच्या ॲलर्जीचे फार मोठे कारण आहे आणि त्याचे कण हवेतून येत असल्यामुळे ते पापण्या, मान आणि कोपराची लवण यांवर अधिक उठते. छाटणीनंतर फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातील (मोरचूद आणि चुना यांचे बुरशीनाशक) चुनाही हात फोडतो. या बाईला फोड बोटांच्या बेचक्यांत, म्हणजे द्रावण साचून राहते तेथे आले, म्हणून माझा संशय पेस्टवर आहे. पण खात्री करायची तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात पॅच टेस्ट करून घ्यावी. संशयित पदार्थ योग्य प्रमाणात पातळ करून पाठीवर चिकटपट्टीखाली लावतात, दोन दिवसांनी पट्टी काढतात आणि तेव्हा व त्यानंतर आणखी एकदोन दिवसांनी कातडी तपासतात. ही चाचणी घरी डब्यातले द्रावण लावून करू नये. त्याने भाजेल एवढेच.

सध्या तिने पेस्टला हात लावू नये. हात साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन, टिपून कोरडे करून, दिवसातून तीन-चार वेळा व्हॅसलीन किंवा खोबरेल लावावे. फोड फोडू नयेत. मेडिकलच्या दुकानात ‘खाजेची ट्यूब’ म्हणून जी मिळते, तिच्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक यांची खिचडी असते. चार दिवस बरे वाटते आणि मग कातडी पातळ होऊन ती अधिकच आत ओढू लागते. स्टेरॉइड लावण्याची गरज तिला असेलही, पण कोणते आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. ताप आला, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, कातडी मोठ्या चट्ट्यांनी सुटू लागली, किंवा फोडांतून पू आला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

आता पेस्ट अंगात जाते कशी, ते आपण एकदा प्लॉटमध्ये उभे राहून पाहावे. मांडवाखालचा मजूर हात वर करून काम करतो. त्याच्या हातावर बहुधा दुकानातला पातळ प्लास्टिकचा मोजा असतो आणि त्यावर जुना पायमोजा चढवलेला असतो. तो पेस्टमध्ये बुडवून काडीवरून फिरवतात. छाटलेल्या काडीचे तिरके टोक आणि मांडवाची तार यांनी तो पातळ मोजा पहिल्या तासाभरातच फाटतो आणि मग ओला पायमोजा दिवसभर हाताला पोटीस बांधल्यासारखा चिकटून राहतो. असा मोजा नसलेला बरा, कारण उघड्या हातावरचे द्रावण निदान सुकते किंवा पुसले जाते. मोज्याखाली अडकलेले द्रावण मात्र घामाने फुगलेल्या कातडीवर तास न् तास बसून असते. वर केलेल्या हातावरून थेंब मनगटाकडून कोपराकडे आणि तेथून काखेत उतरतात. बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. तो चांगला आडोसा आहे, परंतु तोच शर्ट न धुता चार दिवस घातला की दुसऱ्या दिवसापासून तो आडोसा न राहता पेस्टचाच फडका होतो. ऑक्टोबरच्या उन्हात घाम पुसायला हात कपाळाकडे जातो, आणि कपाळाची व काखेची कातडी हाताच्या कातडीपेक्षा अनेक पटींनी अधिक शोषून घेते. मध्येच कोणी तळहातावर तंबाखू मळतो, कोणी बोटाने मिश्री लावते. कातडीतून जे हळूहळू जात होते ते मग सरळ तोंडात जाते.

म्हणून हातमोज्यांचा विचार नुसते ‘मोजे दिले’ एवढ्यावर सोडून देऊ नये. नायट्राइल रबराचे, जाड आणि कोपराच्या जवळ पोहोचतील असे लांब मोजे घ्यावेत. दवाखान्यात वापरतात ते पातळ मोजे या कामाचे नव्हेत. शर्टाची बाही मोज्याच्या आत जाईल अशी घालावी आणि मोज्याचा वरचा काठ दोन बोटे बाहेर दुमडावा, म्हणजे खाली ओघळणारे थेंब त्या दुमडीत पन्हाळीसारखे अडतील आणि काखेपर्यंत जाणार नाहीत. हात खाली घेण्यापूर्वी ही दुमड झटकावी. रोज सकाळी मोज्यात पाणी भरून, तोंड पिरगळून, दाबून पाहावे. कोठूनही थेंब आला तर तो मोजा त्याच क्षणी बाद करावा. काम थांबवताना हातात मोजे असतानाच ते साबणाने धुवावेत, मग बाहेरची बाजू कातडीला न लावता उलटे करून काढावेत. पायमोज्याऐवजी लांब दांडीचा स्पंजाचा बोळा किंवा ब्रश वापरता आला तर उत्तमच. पेस्ट काडीला लावायची आहे, हाताला नव्हे. चेहऱ्यावर थेंब पडतात म्हणून डोळ्यांना बंद कडांचा चष्मा आणि डोक्याला टोपी किंवा पदर असावा. डोळ्यात थेंब गेला तर पंधरा ते वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि मग तपासून घ्यावे. अंगावर सांडले तर कपडे काढून तेवढाच वेळ धुवावे. लिंबू, व्हिनेगर, रॉकेल, थिनर यांतले काहीही कातडीला लावू नये.

द्रावण कालवणाऱ्या माणसाची काळजी आणखी वेगळी आहे. डब्यातील हायड्रोजन सायनामाइड साधारण ५० टक्के असते आणि लिटरभर पाण्यात ते ३० ते ४० मिलिलिटर टाकले जाते. म्हणजे पेस्ट लावणाऱ्याच्या हाताला जे लागते त्याच्या पंचवीस-तीस पट तीव्र द्रावण डबा ओतणाऱ्याच्या हातावर सांडू शकते. आपल्याकडे हे काम बहुतेक मालक स्वतः किंवा घरातला मुलगा करतो आणि तो घाईत मोजेही घालत नाही, हे मी येथे मुद्दाम लिहितो, कारण धोका फक्त मजुरांना आहे असा समज घरात असू नये. त्याने लांब मोजे, प्लास्टिकचा ॲप्रन आणि चेहऱ्यासमोर पारदर्शक ढाल एवढे वापरावे. पेस्ट पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून प्लॉटमध्ये नेण्याची पद्धत तर आजच बंद करावी. तहानलेला माणूस बाटलीकडे बघून घेत नाही. रिकामा डबा तीनदा विसळून, विसळलेले पाणी पेस्टच्याच टाकीत ओतून, डब्याला भोके पाडून ठेवावा.

प्रत्येक प्लॉटच्या टोकाला तोटी असलेला वीस लिटरचा पाण्याचा जार आणि साबण ठेवावा. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि सर्वांत कमी ठिकाणी दिसतो. भाकरीपूर्वी, तंबाखूपूर्वी आणि लघवीला जाण्यापूर्वीही हात धुवावेत. शेवटच्या सूचनेवर मजूर हसतील, पण जांघेतील कातडी शरीरात सर्वांत अधिक शोषणाऱ्या कातडीपैकी आहे. संध्याकाळी अंघोळ करून कपडे बदलूनच त्यांना झोपडीकडे जाऊ द्यावे आणि कामाचे कपडे आपल्या शेतावरच, लेकरांच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत.

गरोदर मुलीने पेस्ट लावू नये, पेस्ट कालवू नये, पेस्टचे कपडे धुऊ नयेत आणि पेस्ट सुकेपर्यंत त्या प्लॉटमध्ये काड्या वेचायलाही जाऊ नये. पोटातील बाळावर परिणाम होण्याचा संशय असलेल्या रसायनांत युरोपात याची गणना होते. तान्हे मूल अंगावर पिणाऱ्या बाईलाही हाच नियम लावावा.

घरातील मोठ्या माणसांना एक गोष्ट सांगावी, कदाचित ती त्यांना पटेल. युरोपीय संघाने २००८ साली आपल्या शेतकऱ्यांसाठी सायनामाइडला मान्यता नाकारली आणि तिच्या कारणांत ते हाताळणाऱ्या माणसांच्या आरोग्याचा स्पष्ट उल्लेख होता. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या उर्वरित अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडली, तेव्हापासून द्राक्षाच्या एका किलोत कोणत्या रसायनाचा किती मिलिग्रॅम अंश आहे हे आपले बागायतदार तोंडपाठ सांगू लागले. मजुराच्या हाताचा मात्र कोणी अहवाल मागत नाही, म्हणून तो कोणी काढत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हाही आधीच्या वर्षापर्यंत ‘काही होत नाही’ असेच सगळे म्हणत होते. रसायने वेगळी, पण कातडीकडे होणारे दुर्लक्ष तेच.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. कीटकनाशकांविषयीच्या १९७१ च्या नियमांत संरक्षक कपडे आणि कामगारांची वैद्यकीय तपासणी यांची तरतूद आहे, आणि साधने पुरवण्याचा खर्च मजुराच्या माथी मारता येत नाही. राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना विषबाधेला लागू होते, पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरती आहे. सुरगाण्याचा भूमिहीन मजूर तिच्याबाहेर राहतो. त्याच्या औषधपाण्याचा खर्च आपण उचलावा, असे मी आपल्याला मोकळेपणाने सुचवतो.

राहता राहिला उक्त्या कामाचा प्रश्न. मोजे घालून काम हळू होते ही मजुरांची तक्रार खोटी नाही, आणि एकराचा दर तोच ठेवून मोज्यांची सक्ती केली तर आपली पाठ वळताच ते मोजे तारेवर लटकलेले दिसतील. पेस्टचे काम तेवढे उक्त्यातून काढून रोजावर द्यावे. शिवाय दुकानात मोजे बहुतेक मोठ्या मापाचेच मिळतात. ते बायकांच्या हातांत सैल बसतात, बोटांची टोके लोंबतात, काडी सुटते आणि म्हणून ते काढून टाकले जातात. दिवाळीपूर्वी टोळीतील प्रत्येकाच्या तळहाताचा घेर दोऱ्याने मोजून घ्यावा, त्या मापाचे प्रत्येकी दोन जोड नाशिकहून मागवावेत आणि पहिल्या सकाळी पेस्टऐवजी साध्या पाण्याने दोन ओळी करून पाहाव्यात. ज्याचा मोजा काडीवर घसरेल, त्याचे माप तेथेच बदलून द्यावे.